निरोगी मेंदूतला सीएसएफ फ्लो एमआरआयवर मोजायचा कसा, नवीन लोकांसाठी सगळं पहिल्यापासून

हे लिहितोय ते टेक्निशियनच्या कोर्सला असलेल्या पोरापोरींसाठी, रेडिओलॉजीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटसाठी, आणि इकडं शिवाजी विद्यापीठात फिजिक्स करून मेडिकलकडं वळायचा विचार करणाऱ्यांसाठी. कोल्हापुरात एमआरआय आता काय नवीन राहिलेलं नाही, पण 'सीएसएफ फ्लो स्टडी' (मेंदूतल्या पाण्याच्या हालचालीची तपासणी) अशी चिठ्ठी आली की अजून बऱ्याच ठिकाणी धावपळ होते, प्रोटोकॉल मशीनमध्ये असतो पण कुणी चालवलेला नसतो, आणि मग आजारी म्हातारा माणूस टेबलवर झोपलेला असताना आपलं शिकणं सुरू होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे निरोगी माणसावर शिका. आपल्या मशीनवर, आपल्या सेटिंगला, चांगल्या तब्येतीच्या माणसाचा आकडा किती येतो हे आधी हातात पाहिजे, मग पेशंटच्या आकड्यावर बोलायचं.

आधी मोजायचं काय ते बघू. मेंदूच्या आत आणि भोवती, खाली मणक्यापर्यंत, जे स्वच्छ पाणी असतं ते सीएसएफ (सेरेब्रोस्पायनल फ्लुइड). मोठ्या माणसात एका वेळी साधारण १२५ ते १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतं, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं बदलून निघतं. मुख्यतः कोरॉइड प्लेक्सस नावाच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात तयार होतं, बाजूच्या दोन व्हेंट्रिकलमधून (मेंदूच्या आतल्या पोकळ्या) मोन्रोच्या छिद्रातून तिसऱ्यात येतं, तिथून अ‍ॅक्विडक्ट नावाच्या बारीक नळीतून चौथ्यात, आणि मग बाहेर मेंदूभोवती पसरून शेवटी शिरांकडं आणि लिम्फकडं जातं. एवढं पुस्तकात सगळे वाचतात.

पण पुस्तकात वाचून जे डोक्यात बसत नाही ते हे, की हे पाणी एका दिशेनं शांतपणे वाहत नाही, प्रत्येक ठोक्याला पुढं-मागं होतं. कवटी बंद डबा आहे, त्यात मेंदू, रक्त आणि सीएसएफ तिघांनी मिळून जागा वाटून घेतलेली, एकाचं वाढलं की दुसऱ्याचं कमी व्हायलाच पाहिजे, याला मोन्रो-केली म्हणतात. हृदय आकुंचन पावलं (सिस्टोल) की धमन्यांतून रक्त आत घुसतं, मग जागा करायला शिरांतून रक्त बाहेर पडतं आणि सीएसएफ मानेतून खाली मणक्याकडं ढकललं जातं, आणि हृदय सैल पडलं की, म्हणजे डायस्टोलमध्ये, ते परत वर येतं. रंकाळ्याच्या घाटावर उभं राहून बघा, पायरीवर पाणी सारखं येतं आणि जातं, पण तळ्याची पातळी त्यानं वाढते का, नाही, पातळी वेगळ्याच कारणानं आणि फार हळू बदलते. आपण एमआरआयवर मोजतो ते मुख्यतः हे येणं-जाणं. हा फरक विसरला की पुढं सगळे आकडे चुकीचे वाचले जातात, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

मोजायची पद्धत म्हणजे फेज कॉन्ट्रास्ट. थोडक्यात, दोन उलट-सुलट ग्रेडियंट (जागेप्रमाणं बदलणारं चुंबकीय क्षेत्र) एकापाठोपाठ एक दिले की जागेवर उभ्या असलेल्या प्रोटॉनची फेज (त्याच्या फिरण्याचा कोन) परत शून्यावर येते, पण जो प्रोटॉन मधल्या वेळात सरकला त्याची फेज थोडी शिल्लक राहते, आणि ही शिल्लक त्याच्या वेगाच्या प्रमाणात असते. १९८२ मध्ये मोरान यांनी वेग असा एन्कोड करायची कल्पना मांडली, १९८७ मध्ये फाइनबर्ग आणि मार्क यांनी एमआरआयवर हलणाऱ्या मेंदूची आणि सीएसएफची गती दाखवली, आणि १९९१ मध्ये एन्झमन आणि पेल्क यांनी निरोगी माणसांत नॉर्मल फ्लो कसा दिसतो ते सिने (एका ठोक्यातली चित्रं सिनेमासारखी चालवलेली) फेज कॉन्ट्रास्टवर मांडलं. म्हणजे सुरुवात निरोगी माणसापासूनच झाली होती, आपणही तीच वाट धरायची. यात इंजेक्शन नाही, कॉन्ट्रास्ट औषध नाही, एक्स-रे सारखं रेडिएशन नाही, म्हणून निरोगी माणसावर करायला हे योग्य आहे.

पहिलं काम: माणसाआधी नळी

कुणाला टेबलवर घ्यायच्या आधी सलाईनच्या नळीवर मशीन तपासा. लागतं काय तर एक सलाईनची बाटली, एक लांब आयव्ही सेट (गरज पडली तर एक्स्टेन्शन जोडा), एक मोजपात्र, आणि शेजारी ठेवायला पाण्यानं भरलेला फँटम (चाचणीसाठी वापरायचा डबा). लोखंडी सलाईन स्टँड आत अजिबात न्यायचा नाही, बाटली बाहेरून लटकवता येत नसेल तर प्लास्टिकचा किंवा एमआर-सेफ स्टँडच पाहिजे, याला दुसरा पर्याय नाही. नळी हेड कॉइलमधून सरळ जाईल अशी फँटमला चिकटपट्टीनं चिकटवा, पाणी सोडा, आणि दुसऱ्या टोकाला मिनिटाला किती मिली जमतं ते घड्याळ लावून मोजा.

समजा मिनिटाला २० मिली जमलं आणि नळीचा आतला व्यास ३ मिमी आहे. क्षेत्रफळ झालं साधारण ०.०७ चौरस सेमी, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ४.७ सेमीच्या आसपास, आणि नळीच्या मधोमध त्याच्या जवळजवळ दुप्पट. आता स्कॅन करून मशीन काय म्हणतं बघा. मोजपात्र आणि मशीन दहा टक्क्यांच्या आत जुळलं तर सुरुवातीला चांगलं आहे. त्यानंतर पाणी बंद करून तोच स्कॅन परत घ्या, इथं शून्य यायला पाहिजे, आणि बहुतेक वेळा अगदी शून्य येत नाही, थोडं काहीतरी येतंच. ते 'थोडं काहीतरी' लिहून ठेवा, पुढं त्यावरच सगळं अडणार आहे.

माणूस आणि परवानगी

कॉलेजसाठी किंवा संशोधनासाठी करत असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. संमतीपत्र मराठीत द्या, आणि नुसती सही घेऊ नका, तोंडानं समजावून सांगा की आवाज मोठा असतो, अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, नको वाटलं तर हातातला फुगा दाबायचा, आणि नाही म्हटलं तरी कुणी काही बोलणार नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण पहिले व्हॉलंटियर आपलेच ज्युनिअर आणि स्टाफ असतात आणि त्यांना नाही म्हणणं जड जातं. आणखी एक गोष्ट आधीच ठरवा, निरोगी माणसाच्या मेंदूतही कधीकधी न अपेक्षिलेलं काहीतरी दिसतं, तेव्हा रेडिओलॉजिस्टनं बघायचं आणि कुणी कसं सांगायचं हे कागदावर पाहिजे. टेक्निशियननं कन्सोलवर बघून तिथंच काही बोलायचं नाही.

मेटलची तपासणी नेहमीचीच, पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, अ‍ॅन्युरिझमची क्लिप, डोळ्यात लोखंडाचा कण (फाउंड्रीत किंवा लेथवर काम केलेला माणूस असेल तर हे मुद्दाम विचारा, उद्यमनगर आणि शिरोलीकडचे लोक आपल्याकडं भरपूर येतात). मंगळसूत्र, साज, पाटल्या, जोडवी काढायला लोक तयार असतात, पण साडीच्या पिना राहतात. खांद्यावरची काढतात, निऱ्यांची विसरतात, आणि परकराला लावलेली तर त्यांच्याही लक्षात नसते. गाऊन दिलात तर प्रश्नच मिटतो. पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी.

तालमीतले पैलवान व्हॉलंटियर म्हणून आले तर आनंदानं घ्या, तब्येत चांगली, सांगितलं की दगडासारखे पडून राहतात. पण दोन गोष्टी बघा. एक तर कुस्तीनं कान सुजून घट्ट झालेले असतात, त्यात इअरप्लग नीट बसत नाही, मग वरून हेडफोन आणि फोमची उशी दोन्ही पाहिजे, कानाचं रक्षण झाल्याशिवाय स्कॅन सुरू करायचा नाही. दुसरं, आराम करताना ठोके मिनिटाला पन्नासच्या आसपास, म्हणजे एक ठोका १२०० मिलिसेकंदांचा, आणि आपला स्कॅन ठोक्यांवर चालतो, त्यामुळं ऐंशी ठोक्यांच्या माणसाला जो स्कॅन तीन मिनिटांत होतो त्याला इथं पाच मिनिटं लागतील. मशीन अडकलं म्हणून मध्येच थांबवू नका.

चहा-कॉफीचं पण ठरवून घ्या. कॅफिननं मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि सीएसएफची हालचाल रक्तावरच चालते, म्हणून सगळ्यांना स्कॅनच्या आधी काही तास चहा-कॉफी बंद आणि शक्यतो दिवसाची वेळ सारखी. जड जेवून आलेला माणूस आत झोपतो आणि झोपेत फ्लो बदलतो, त्याबद्दल खाली.

गेटिंग, म्हणजे ठोक्याशी गाठ बांधणं

एका ठोक्यात २० ते ३० चित्रं पाहिजेत, ती बऱ्याच ठोक्यांतून गोळा होतात, म्हणून प्रत्येक ठोका कधी सुरू झाला ते मशीनला कळायला पाहिजे. ईसीजी लावला तर उत्तम, नाहीतर बोटाचा पल्स सेन्सर. बोटावर लावलात तर लक्षात ठेवा की हृदयातून निघालेली लाट बोटापर्यंत पोचायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, त्यामुळं कर्व्ह सरकलेला दिसेल, फ्लोचा आकडा त्यानं बदलत नाही पण दोन माणसांचे कर्व्ह एकावर एक ठेवताना घोळ होतो. आणि स्कॅनर रूममध्ये एसी असा असतो की दहा मिनिटांत बोटं गार पडतात, सिग्नल पडतो, मशीन ट्रिगर चुकवतं. हात ब्लँकेटच्या आत घ्या, आधी चोळून गरम करा. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरं बोट बघा नाहीतर पायाचं बोट. सिग्नलची रेघ स्क्रीनवर एक मिनिट नुसती बघत बसा, टोकं एकसारखी येतायत का, मगच स्टार्ट.

गेटिंग रेट्रोस्पेक्टिव्हच निवडा, म्हणजे मशीन सलग मोजत राहतं आणि ठोक्याप्रमाणं वाटणी नंतर होते. प्रॉस्पेक्टिव्हमध्ये ठोका सुरू झाला की मशीन मोजायला लागतं आणि पुढच्या ठोक्याच्या आधी थोडं थांबतं, म्हणजे डायस्टोलचा शेवटचा दहा-वीस टक्के भाग सुटतो, आणि नेमकं तिथंच पाणी परत वर येत असतं. खाली गेलेलं सगळं मोजलं आणि वर आलेलं अर्धवट मोजलं तर हिशोब कसा जुळणार?

स्लाइस लावणं

अ‍ॅक्विडक्टवर मोजायचं असेल तर आधी मधोमध सॅजिटल (बाजूनं दिसणारा उभा काप), पातळ टी-टू किंवा थ्रीडी हाय रेझोल्यूशन (मशीनच्या कंपनीप्रमाणं नाव सिस असेल किंवा फिएस्टा). त्यावर नळी स्पष्ट दिसली पाहिजे. तिची लांबी दीड सेमीच्या आसपास आणि रुंदी एक ते तीन मिमी, म्हणजे चूक करायला जागाच नाही. स्लाइस नळीला काटकोनात लावा, ४-५ मिमी जाड, आणि कोरोनलवर (समोरून दिसणारा काप) पण तपासा, एकाच चित्रावर बघून काटकोन झाला असं मानू नका. दहा अंश कोन चुकला तर वेग दीड टक्क्यानंच कमी दिसतो, तीस अंश चुकला तर तेरा टक्के. काहीजण म्हणतात की तिरक्या कापात क्षेत्रफळ वाढतं त्यामुळं एकूण फ्लो भरून निघतो, ते गणितात खरंय, पण दोन मिमीच्या नळीत पाच मिमी जाड स्लाइस तिरकी लावली की कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धं पाणी अर्धा मेंदू येतो, आणि ते काही भरून निघत नाही.

पिक्सेल जितका बारीक करता येईल तितका करा, ०.६ मिमीच्या आसपास ठेवलात तर नळीत दहा-बारा पिक्सेल मिळतात. १ मिमीनं तीन-चारच मिळतात आणि मग आरओआय (मोजायच्या भागाभोवतीची रेघ) काढणारा कोण आहे त्यावर उत्तर बदलतं. वेळ वाढला तरी चालेल. १.५ टेस्लावर पण हे काम होतं, ३ टेस्लावर सिग्नल जास्त मिळतो म्हणून बारीक पिक्सेल परवडतो.

वेन्क

नवीन लोक सगळ्यात जास्त इथं अडतात. वेन्क म्हणजे ज्या वेगाला फेज बरोबर १८० अंश होईल तो वेग. हिशोब सरळ आहे, फेज भागिले १८०, गुणिले वेन्क. वेन्क १२ ठेवला आणि पिक्सेलमध्ये फेज ९० अंश आली तर वेग ६ सेमी प्रति सेकंद. पण खरा वेग १४ असेल तर फेज १८० ओलांडून उलट्या बाजूला जाते आणि मशीन उणे १० दाखवतं, म्हणजे खाली जाणारं पाणी वर जाताना दिसतं. यालाच अलायसिंग म्हणायचं. चित्रात ओळखायला सोपं, पांढऱ्या ठिपक्याच्या मधोमध एकदम काळे पिक्सेल.

मग भीतीनं वेन्क १०० ठेवायचा का? तसंही नाही. वेगातला नॉईज वेन्कच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळं ५ सेमीचा फ्लो १०० च्या वेन्कवर नॉईजमध्ये बुडतो. निरोगी माणसाच्या अ‍ॅक्विडक्टला १० ते १२ पासून सुरू करा, अलायसिंग दिसलं तर १५, मग २०. मानेत सी-टू सी-थ्रीच्या (मानेचा दुसरा-तिसरा मणका) लेव्हलला सीएसएफसाठी ५ ते १०. त्याच लेव्हलला कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल या धमन्या मोजायच्या तर ८० ते १००, आणि तो वेगळा स्कॅन घ्यायचा, एकाच स्कॅनमध्ये दोन्ही होत नाही. फ्लो एन्कोडिंगची दिशा स्लाइसमधून आरपार, हे पण बघा, कधीकधी आधीच्या माणसानं बदलून ठेवलेली असते.

आकडा काढणं

स्कॅन झाला की माणसाला खाली उतरवायच्या आधी कन्सोलवर सिने चालवून बघा. नळीचा ठिपका एकदा पांढरा एकदा काळा असा आलटून-पालटून झाला पाहिजे. पांढरं म्हणजे वर का खाली हे मशीनप्रमाणं बदलतं, म्हणून एकदा तपासून भिंतीवर लिहून ठेवा. तपासायला धमन्यांचा स्कॅन वापरा, मानेतल्या कॅरोटिड वर जातात यात वाद नाही.

मग मॅग्निट्यूड (नेहमीसारखं दिसणारं चित्र) आणि फेज (वेगाचं चित्र) दोन्ही बघून आरओआय काढा आणि ठोक्यातल्या सगळ्या चित्रांवर तोच लावा. समजा १२ पिक्सेल, प्रत्येक ०.६ बाय ०.६, म्हणजे ४.३२ चौरस मिमी, ०.०४३२ चौरस सेमी. सिस्टोलमध्ये ०.४ सेकंद पाणी खाली जातं आणि त्या वेळातला सरासरी वेग २ सेमी, तर ०.०४३२ गुणिले २ गुणिले ०.४, आलं ०.०३५ मिली, म्हणजे ३५ मायक्रोलिटर. हा स्ट्रोक व्हॉल्यूम, एका ठोक्याला नळीतून एका बाजूला जाणारं पाणी. निरोगी मोठ्या माणसात साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरच्या घरात येतो. मानेत हाच आकडा कितीतरी मोठा, अर्ध्या मिलीच्या आसपास. १९९६ मध्ये ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी एनपीएचच्या (मेंदूत पाणी साठतं पण दाब नॉर्मल असतो असा आजार) पेशंटसाठी ४२ मायक्रोलिटरची रेघ सांगितली होती, आणि बरेच जण ती आजही जशीच्या तशी रिपोर्टमध्ये वापरतात. पण तो आकडा त्यांच्या मशीनचा, त्यांच्या पिक्सेलचा होता. आपल्या मशीनवर निरोगी माणसालाच ४५ येत असेल तर ती रेघ आपल्याला काय उपयोगाची? म्हणून म्हणतो, निरोगी लोकांचा आकडा आधी.

आता ते सलाईनच्या नळीच्या वेळचं 'थोडं काहीतरी'. लोकांना स्ट्रोक व्हॉल्यूमवरून लगेच नेट फ्लो काढायची घाई असते, म्हणजे खाली गेलेलं वजा वर आलेलं, की बाबा मेंदूत सीएसएफ किती तयार होतंय ते कळेल. हिशोब करून बघा. सीएसएफ तयार होतं मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली. सत्तर ठोके धरले तर एका ठोक्याला फक्त ५ मायक्रोलिटर पुढं सरकतं, बाकीचं नुसतं येऊन-जाऊन. आणि मशीनच्या एडी करंटमुळं (ग्रेडियंट बदलताना मशीनच्या धातूत उठणारे नको असलेले प्रवाह) फेजमध्ये सेकंदाला ०.१ सेमीची जरी खोट असली तर ०.०४३२ गुणिले ०.१ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला ०.२६ मिलीची चूक. जवळजवळ सगळ्या उत्पादनाएवढी चूक एका न दिसणाऱ्या ऑफसेटमधून येते! म्हणून नेट फ्लो ऑफसेट काढल्याशिवाय कुणालाही सांगू नका, आणि काढल्यावरही जपून सांगा.

ऑफसेट काढायचा तर अ‍ॅक्विडक्टच्या शेजारी मिडब्रेनमध्ये (तिच्या भोवतीचा मेंदूचा भाग) आरओआय टाका. मेंदू स्वतः पण ठोक्याला थोडा हलतो, त्यामुळं चित्रागणिक वजाबाकी करू नका. पूर्ण ठोक्याची सरासरी घ्या, ती शून्य असायला पाहिजे कारण मेंदू परत जागेवर येतो, जेवढी शिल्लक तेवढी खोट, ती सगळ्या चित्रांमधून सारखी वजा करा.

परत मोजा

एकदा मोजून झालं नाही. त्याच माणसाला उठवा, दहा मिनिटं बसवा, परत झोपवून स्लाइस नव्यानं लावून मोजा. शिवाय तोच डेटा दुसऱ्या कुणाला आरओआय काढायला द्या, तुमचा आकडा त्याला न सांगता. या दोन फरकांवरून कळतं की आपलं मोजमाप किती पक्कं आहे, आणि मग पेशंटमध्ये किती फरक आला तर तो खरा मानायचा हे ठरतं. असे दहा-पंधरा जण, वेगवेगळ्या वयाचे, बाया आणि पुरुष दोन्ही, झाले की तुमच्या सेंटरचा स्वतःचा तक्ता तयार होतो. सॉफ्टवेअर अपग्रेड झालं किंवा कॉइल बदलली की नळीची चाचणी परत.

श्वास आणि झोप

वरची पद्धत शेकडो ठोक्यांची सरासरी काढते, त्यात श्वासाचा परिणाम पुसला जातो. पण श्वासानं सीएसएफ हलतं, आणि चांगलंच हलतं. २०१५ मध्ये जर्मनीत ग्योटिंगनच्या टीमनं रिअल टाइम एमआरआयवर दाखवलं की खोल श्वास आत घेतला की सीएसएफ वर डोक्याकडं खेचलं जातं. म्हणून व्हॉलंटियरला सांगा की नेहमीसारखा शांत श्वास घ्या, प्राणायाम करू नका (आपल्याकडं लोक आत गेले की मन शांत करायला तेच सुरू करतात, हे खरंच विचारून घ्या).

झोपेचं तर अजूनच मोठं आहे. २०१९ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या लॉरा लुईस यांच्या टीमनं वेगवान फंक्शनल एमआरआय वापरून दाखवलं की गाढ झोपेत साधारण वीस सेकंदांच्या अंतरानं सीएसएफच्या मोठ्या लाटा चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये येतात, जागेपणी तशा येत नाहीत. २०१२ पासून रोचेस्टरच्या नेडरगार्ड यांच्या ग्लिम्फॅटिकच्या (सीएसएफ मेंदूतून फिरून कचरा वाहून नेतं ही मांडणी) कामामुळं मेंदू झोपेत धुतला जातो ही कल्पना सगळीकडं पोचलीय, आणि त्यावर शास्त्रज्ञांत अजून जोरात वाद चालू आहेत. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की स्कॅन चालू असताना इंटरकॉमवर मधून मधून दोन शब्द बोला, माणूस जागा आहे का बघा, आणि फॉर्मवर 'जागा' किंवा 'झोपला' असा कॉलम ठेवा.

फॉर्मवर बाकी काय लिहायचं तर वय, ठोके, गेटिंग कशानं, वेन्क, पिक्सेल, स्लाइसची जाडी, आरओआयमध्ये किती पिक्सेल, ऑफसेट किती निघाला, शेवटचा चहा कधी, आणि आरओआय कुणी काढला. स्लाइस जिथं लावली त्या सॅजिटलचा स्क्रीनशॉट प्रत्येकाच्या डेटासोबत जोडून ठेवा, पुढच्या माणसाला तिथंच लावता येईल.